डीएनएस कोणाचा घ्यायचा? प्रश्न स्पीडचा नाही, भरवशाचा आहे

१५ जुलै २०२५, पहाटेचे ३ वाजून २२ मिनिटं. भिवंडीत या वेळी सगळेच झोपलेले नसतात. मागांवर रात्रपाळी चालू असते, मानकोलीच्या गोडाऊनमध्ये गाड्या भरत असतात. त्या मिनिटाला क्लाउडफ्लेअर कंपनीची १.१.१.१ ही डीएनएस सेवा जगभर बंद पडली आणि पुढची ६२ मिनिटं बंद राहिली. ज्यांच्या फोनमध्ये किंवा राऊटरमध्ये हा एकच नंबर टाकलेला होता, त्यांना वाटलं नेट गेलं. प्रत्यक्षात फायबर शाबूत होती, टॉवर चालू होता, रिचार्जही संपलेला नव्हता. फक्त साईटच्या नावावरून पत्ता सांगणारा गायब होता.

त्याच पहाटे ३ वाजून २४ मिनिटांनी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती थेट आपल्या देशातली. १.१.१.१ हा पत्ता ज्या गटात येतो, त्या गटाकडे जाणारा रस्ता आपल्याकडून जातो, अशी घोषणा भारतातल्या टाटा कम्युनिकेशन्सच्या नेटवर्कवरून इंटरनेटवर झाली. क्लाउडफ्लेअरनं नंतर प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की सेवा बंद पडण्याचं कारण हे नव्हतं. कारण त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमधली चूक होतं. ती ६ जूनलाच झाली होती, पण १४ जुलैला, म्हणजे आपल्याकडच्या १५ जुलैच्या पहाटे, एक बदल केल्यावर बाहेर आली. टाटांच्या नेटवर्कची घोषणा खरा मालक बाजूला झाल्यामुळे फक्त नजरेस पडली.

तरी या दोन गोष्टींत घरच्या नेटसाठी डीएनएस निवडण्याचं सगळं सार आहे. एक, कितीही मोठी कंपनी असली तरी सेवा बंद पडू शकते. दोन, तुम्ही जो नंबर टाकला, त्या नंबरवरून उत्तर देणारा तोच असेल याची खात्री नुसत्या नंबरवरून होत नाही. व्हिडिओवाले सांगतात, 'हा डीएनएस टाका, स्पीड डबल.' त्यात या दोन्हींपैकी एकही गोष्ट नसते.

डीएनएस करतो काय?

सुरतहून कापडाची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर मानकोली नाक्यावर उतरतो. त्याच्या बिल्टीवर कंपनीचं नाव आहे, पण कुठलं कंपाउंड, कुठली बिल्डिंग, कुठला गाळा हे त्याला माहीत नाही. तो टपरीवाल्याला विचारतो. टपरीवाला सांगतो, 'पुढून डावीकडे, दुसरं कंपाउंड, सातवा गाळा.' गाडी पोचते.

डीएनएस म्हणजे हा टपरीवाला. तुम्ही साईटचं नाव टाकता किंवा एखादं अॅप उघडता, तेव्हा तुमचा फोन आधी डीएनएसला विचारतो, 'या नावाचा आयपी पत्ता काय?' उत्तर आलं की मग फोन खऱ्या साईटकडे जातो. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही तीच चालते. एक साधं पान उघडताना अशी दहा-वीस नावं सहज विचारली जातात, कारण फोटो, जाहिराती, फॉन्ट सगळे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात.

आता टपरीवाल्याबद्दल चार प्रश्न विचारा. तो लवकर सांगतो का? खरं सांगतो का? कोण कुठे जातंय हे तो वहीत लिहून ठेवतो का? आणि टपरी बंद असेल तर शेजारी दुसरी आहे का? डीएनएस निवडताना हेच चार प्रश्न आहेत. लोक पहिल्यावरच अडकतात. माझ्या मते खरं वजन उरलेल्या तिघांचं आहे.

भिवंडीत हा प्रश्न जास्त का?

भिवंडीत वीज कोणाकडून घ्यायची हे आपण ठरवत नाही. २००७ पासून वितरण टोरंट पॉवरकडे आहे, बिल त्यांचंच येणार. नेटचं थोडं वेगळं आहे. जिओ, एअरटेलसारख्या मोठ्या कंपन्या आहेतच, पण कामतघर, पद्मानगर, शांतीनगर, नारपोली अशा भागांत पूर्वी केबल टीव्ही देणाऱ्यांनीच पुढे फायबर टाकलं. पैसे घ्यायला तोच माणूस येतो, तक्रार त्यालाच फोन करून सांगायची. ही चांगली गोष्ट आहे. मध्यरात्री वायर तुटली तरी ओळखीचा पोरगा शिडी घेऊन येतो.

पण तुम्ही काही केलं नाही तर तुमच्या घरातला प्रत्येक फोन त्या पुरवठादारानं ठरवलेला डीएनएस वापरतो. तो त्याचा स्वतःचा असतो, वरच्या मोठ्या कंपनीचा असतो, किंवा त्यानंच गूगलचा नंबर टाकून दिलेला असतो. आपल्याला कोणी सांगत नाही. माझ्या घरच्या एका जुन्या जोडणीवर साईटचं नाव चुकीचं टाइप केलं की 'अशी साईट नाही' असं न येता जाहिरातींचं पान उघडायचं. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण ही युक्ती जगभर अनेकांनी वापरली आहे. माणसानं विचारलेला पत्ता अस्तित्वातच नाही, तर टपरीवाल्यानं 'नाही' म्हणावं. तो आपल्या मेव्हण्याच्या दुकानात पाठवत असेल, तर उद्या अजून कुठे पाठवेल?

याहून वाईट प्रकार राऊटरचा. बरेचदा राऊटरचा पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवलेला असतो, किंवा कंपनीतून आलेला तसाच असतो. राऊटरमध्ये कोणी शिरून डीएनएसचा नंबर बदलला तर घरातले सगळे फोन एकदम त्याच्या ताब्यात जातात. ही कल्पनेतली भीती नाही. डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसनं जगभरात सुमारे ४० लाख संगणकांचे डीएनएस बदलून टाकले होते. अमेरिकेच्या एफबीआयनं नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली. तेव्हा टोळीचे सर्व्हर लगेच बंद करता आले नाहीत, कारण ते बंद केले असते तर लाखो लोकांचं नेटच बंद पडलं असतं. त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर लावून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

स्पीड वाढतो का?

नाही. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर कुठलाही डीएनएस टाकलात तरी १०० चे १५० होणार नाहीत. पत्ता पटकन मिळाला म्हणून गाडी रस्त्यावर वेगानं धावत नाही. डाउनलोड, व्हिडिओ, गेममधला पिंग हे सगळं पत्ता मिळाल्यानंतरचं काम आहे, त्यात डीएनएस नसतो.

मग 'फरक जाणवला' असं म्हणणारे सगळे खोटं बोलतात का? तसंही नाही. पुरवठादाराचा डीएनएस रात्री गर्दीत गुदमरत असेल, तर साईट उघडायला सुरुवात व्हायलाच वेळ लागतो. तिथे बदल केला की नेट हलकं झाल्यासारखं वाटतं. आधीच ठीक चालत असेल, तर फरक काही मिलिसेकंदांचा, जो डोळ्यांना दिसत नाही.

इथे अंतराचा हिशेब बघा. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. भिवंडी ते मुंबई म्हणजे काहीच नाही. गूगल, क्लाउडफ्लेअर, क्वाड नाइन या तिघांचेही सर्व्हर मुंबईत आहेत. पण तुमच्या पुरवठादाराची वाट वाकडी असेल आणि विचारणा सिंगापूरला जात असेल, तर सरळ रेषेतलं अंतरच ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन चाळीसेक मिलिसेकंद आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त. म्हणून 'सगळ्यात फास्ट डीएनएस कुठला' याचं एकच उत्तर नसतं. तुमच्या गल्लीतल्या जोडणीवरून जो मुंबईतच उत्तर देतो, तो.

तपासणं सोपं आहे. क्लाउडफ्लेअरचा डीएनएस लावून ब्राउझरमध्ये त्यांचा नंबर आणि पुढे तिरकी रेघ देऊन 'हेल्प' हा इंग्रजी शब्द टाका. जे पान उघडतं त्यात डेटा सेंटर कुठलं हे तीन अक्षरांत लिहिलेलं असतं. बीओएम दिसलं तर मुंबई. विमानाच्या तिकिटावर असतो तोच हा कोड. एसआयएन दिसलं तर सिंगापूर.

एक उलटी बाजूही आहे, जी क्वचित कोणी सांगतं. अकामाईसारख्या कंपन्या मोठ्या साईटींचे व्हिडिओ आणि फाइली पुरवठादारांच्या जवळ साठवून ठेवतात आणि तुम्हाला जवळच्या साठ्याकडे पाठवायचं की लांबच्या, हे बरेचदा डीएनएसच्या विचारणेवरून ठरवतात. पुरवठादाराचा डीएनएस वापरला तर त्यांना कळतं की हा ग्राहक याच नेटवर्कचा आहे. गूगलचा डीएनएस तुमच्या आयपीचा काही भाग पुढे कळवतो, म्हणून अंदाज बरा लागतो. क्लाउडफ्लेअर आणि क्वाड नाइनची नेहमीची सेवा खासगीपणासाठी तो भाग कळवत नाही. त्यामुळे कधीकधी डीएनएस बदलल्यावर मॅचचा व्हिडिओ आधीपेक्षा जास्त अडखळतो. तसं झालं तर फोन खराब नाही, निवड बदलून बघा.

वही कोण लिहितं?

साधी डीएनएस विचारणा पोर्ट ५३ वरून उघडी जाते. म्हणजे टपरीवाल्याला नाक्यावरून ओरडून विचारल्यासारखं. मधला प्रत्येक जण ऐकू शकतो, मधेच उत्तरही देऊ शकतो. काही पुरवठादार तर तुम्ही ८.८.८.८ ला पाठवलेली विचारणा वाटेत अडवून स्वतःच उत्तर देतात. तुम्हाला वाटतं गूगल वापरतोय, प्रत्यक्षात उत्तर स्थानिक असतं.

यावर उपाय म्हणून विचारणा कुलूपबंद करण्याच्या दोन पद्धती आल्या. २०१६ मध्ये डीएनएस ओव्हर टीएलएस, जी पोर्ट ८५३ वापरते, आणि २०१८ मध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, जी साध्या वेबसाईटच्या रहदारीत मिसळून जाते. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची जी सेटिंग आहे ती याचसाठी.

आता जुलैच्या त्या पहाटेकडे परत बघा. तुम्ही नुसते आकडे टाकले असतील आणि त्या आकड्यांचा रस्ता दुसऱ्याच कोणाकडे गेला, तर फोन समोरून येणारं उत्तर मुकाट्यानं मानतो. पण प्रायव्हेट डीएनएसमध्ये सेवेचं नाव टाकलं असेल, तर समोरच्याला आधी प्रमाणपत्र दाखवावं लागतं. त्या नावाचं खरं प्रमाणपत्र नसेल तर फोन बोलतच नाही. आकडे म्हणजे टपरीची जागा, नाव म्हणजे टपरीवाल्याचं ओळखपत्र. जागेवर कोणीही येऊन बसू शकतं. म्हणून माझा पहिला सल्ला असा की शक्य असेल तिथे आकडे नको, नाव टाका.

पण गैरसमजही नको. कुलूपबंद डीएनएस लावला म्हणजे तुम्ही अदृश्य झालात असं नाही. साईट उघडताना फोन पहिल्याच संदेशात साईटचं नाव बहुतेक वेळा उघडं लिहितो, त्याला एसएनआय म्हणतात. ते पुरवठादाराला दिसतं. कुठल्या आयपीशी बोललात हेही दिसतं. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागानं परवान्याच्या अटी बदलल्या. तेव्हापासून कोणत्या ग्राहकानं कोणत्या आयपीशी कधी संपर्क केला, याच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. डीएनएस बदलून ती वही बंद होत नाही.

उलट एक वही वाढते. आधी पुरवठादाराला सगळं माहीत होतं, आता गूगल किंवा क्लाउडफ्लेअरलाही कळणार. तेव्हा त्यांचं काय म्हणणं आहे हे बघायला हवं. गूगल म्हणतं, तुमच्या पूर्ण आयपीसह असलेल्या तात्पुरत्या नोंदी २४ ते ४८ तासांत पुसल्या जातात, नंतर आयपीशिवाय, शहराच्या पातळीवरची माहिती राहते. क्लाउडफ्लेअर म्हणतं, नोंदी २५ तासांत जातात. २०२० मध्ये केपीएमजीनं केलेली त्याची तपासणीही त्यांनी प्रसिद्ध केली. क्वाड नाइन म्हणतं, ग्राहकाचा आयपी आम्ही नोंदवतच नाही. ही संस्था नफ्यासाठी नाही आणि २०२१ पासून तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे. यातलं काहीही आपण घरी बसून तपासू शकत नाही. पण जाहीर लिहून दिलेलं वचन आणि काहीच न सांगणारा पुरवठादार यांत मी वचन घेतो.

साईट 'उघडत नाही' तेव्हा

भारतात साईट बंद करण्याचे आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार काढतं, किंवा न्यायालयं काढतात. ६९अ चे आदेश नियमांनुसार गोपनीय असतात. ते अमलात आणायचं काम पुरवठादारांचं, आणि कसं आणायचं हे प्रत्येक जण आपापल्या परीनं ठरवतो. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे डीएनएसमध्ये चुकीचं उत्तर देणं.

डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या एस्प्लनेड न्यायालयाच्या आदेशावरून ३२ साईटी बंद झाल्या. त्यात गिटहब, व्हिमिओ आणि इंटरनेट आर्काइव्ह होते. कोड शिकणाऱ्या पोरांची वहीच बंद झाली. जुलै २०२० च्या सुरुवातीला डकडकगो हे सर्च इंजिन अनेक भारतीय नेटवर्कांवर उघडेना. २०२० मध्येच सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी सहा मोठ्या कंपन्यांच्या जोडण्यांवरून ४,३७९ साईटी तपासल्या. निष्कर्ष असा की बंद साईटींच्या याद्या कंपनीगणिक वेगळ्या आहेत. म्हणजे तुमच्या घरी न उघडणारी साईट समोरच्या बिल्डिंगमध्ये उघडू शकते आणि दोघांनाही कारण कळत नाही. त्याच अभ्यासात दिसलं की काही कंपन्या डीएनएसवर थांबत नाहीत, एसएनआय वाचूनही अडवतात. म्हणून डीएनएस बदलला की सगळं उघडतं, हा समज चुकीचा आहे. आणि न्यायालयानं बंद केलेली साईट उघडण्यासाठी डीएनएस निवडू नये असंच मी सांगेन. पुरवठादाराच्या बिघाडामुळे किंवा घाईमुळे अडकलेली चांगली साईट मात्र बदलानं सुटू शकते.

सार्वजनिक डीएनएसही या दबावातून सुटलेले नाहीत. जर्मनीत सोनी म्युझिकनं क्वाड नाइनवर खटला केला. खालच्या न्यायालयांत हरलेली क्वाड नाइन डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात जिंकली. फ्रान्समध्ये २०२४ साली खेळांच्या चोरट्या प्रक्षेपणाच्या साईटी अडवण्याचा आदेश गूगल, क्लाउडफ्लेअर आणि सिस्कोला मिळाला, तेव्हा सिस्कोनं आपली ओपनडीएनएस सेवा तिथून काढूनच घेतली. युरोपीय संघाच्या पाठिंब्यानं जून २०२५ मध्ये डीएनएसफॉरईयू ही स्वतंत्र सेवा सुरू झाली. पत्ता सांगणारा कोणाच्या हातात असावा हा प्रश्न आता सरकारांना पडलाय, तो आपण आपल्या घरापुरता विचारायला हरकत नाही.

पर्याय काय आहेत?

• गूगल: ८.८.८.८ आणि ८.८.४.४. २००९ पासून चालू. काहीही अडवत नाही, व्हिडिओसाठी जवळचा साठा चांगला शोधतो. ज्यांना 'फक्त चालू राहावं' एवढंच हवं त्यांच्यासाठी. पण जीमेल, यूट्यूब, क्रोम, अँड्रॉइड आधीच गूगलचं असताना हेही द्यायचं का, हा विचार ज्याचा त्यानं करावा.

• क्लाउडफ्लेअर: १.१.१.१ आणि १.०.०.१. १ एप्रिल २०१८ ला सुरू, पण एप्रिल फूल नव्हतं. वेग आणि खासगीपणाचा मेळ. घातक साईटी अडवणारा १.१.१.२, आणि त्यासोबत अश्लील साईटीही अडवणारा १.१.१.३ असे दोन वेगळे नंबर आहेत.

• क्वाड नाइन: ९.९.९.९. नोव्हेंबर २०१७ पासून. फसव्या आणि व्हायरस पसरवणाऱ्या साईटी स्वतःहून अडवतो.

• अॅडगार्ड: ९४.१४०.१४.१४. साईटी आणि अॅपमधल्या बऱ्याच जाहिराती अडवतो. यूट्यूबच्या जाहिराती मात्र जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच घरून येतात. कधीकधी एखादं शॉपिंग अॅप किंवा कूपनची लिंक यामुळे अडते.

फसव्या साईटी अडवणाऱ्या डीएनएसबद्दल एक इशारा. ट्रॅफिक चलानच्या नावानं व्हॉट्सअॅपवर येणारी एपीके फाइल डीएनएस थांबवू शकत नाही. ती फाइल व्हॉट्सअॅपमधूनच उतरते. ती न टाकणं हे तुमच्याच हातात आहे.

सेटिंग कुठे करायची?

अँड्रॉइडवर: सेटिंग उघडा, वरच्या शोधपट्टीत 'प्रायव्हेट डीएनएस' शोधा. तीन पर्याय दिसतील: बंद, ऑटोमॅटिक, आणि सेवेचं नाव टाकायची जागा. तिसऱ्यात इंग्रजी अक्षरांत नाव टाका. गूगलसाठी 'डीएनएस डॉट गूगल'. क्लाउडफ्लेअरसाठी 'वन' हा शब्द चार वेळा, मधे टिंब देऊन, आकडा नाही. क्वाड नाइनसाठी 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट', यात नऊ मात्र आकड्यात. ही सेटिंग घरचं वाय-फाय आणि मोबाईल डेटा दोन्हींवर चालते. राऊटरला हात लावायची गरजच नाही.

याची किंमत माहीत असू द्या. नाव टाकल्यावर फोन हट्टी होतो. ती सेवा बंद पडली तर तो दुसऱ्या कोणाला विचारत नाही, सरळ 'इंटरनेट नाही' म्हणतो. रेल्वे स्टेशनच्या वाय-फायवर नंबर-ओटीपी टाकायचं पानही यामुळे कधी कधी उघडत नाही. दोन्ही वेळा उपाय एकच: थोड्या वेळासाठी 'ऑटोमॅटिक' करा, काम झालं की परत नाव टाका.

आयफोनवर: वाय-फायच्या नावापुढच्या 'आय' वर दाबून डीएनएस 'मॅन्युअल' करता येतो, पण तो नुसते आकडे घेतो आणि त्या एकाच वाय-फायपुरता. कुलूपबंद हवा असेल तर त्या सेवेचं अॅप किंवा प्रोफाइल टाकावं लागतं. ते कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून किंवा अॅप स्टोअरमधूनच घ्या, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही.

राऊटरमध्ये: टीव्ही, लहान मुलांचे टॅब, दुकानातला संगणक सगळं एकदम बदलायचं असेल तर इथे. पासवर्ड पुरवठादाराकडे असेल तर मागा. जोडणी तुमच्या घरातली आहे, मागण्यात संकोच नको. राऊटरमध्ये दोन नंबर टाकायची जागा असते. तिथे एकाच कंपनीचे दोन टाकू नका. जुलैच्या पहाटे १.१.१.१ बरोबर १.०.०.१ ही गेला होता. पहिला क्वाड नाइन, दुसरा गूगल, असं वेगवेगळं ठेवा. एवढं लक्षात असू द्या की दोन नंबर असले की राऊटर कधी एकाला, कधी दुसऱ्याला विचारतो. पहिला फसव्या साईटी अडवणारा आणि दुसरा न अडवणारा असेल, तर अडवणं अर्धवटच होणार. मुलांसाठी १.१.१.३ लावत असाल तर दुसराही तसाच गाळणारा हवा, ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्ड किंवा अॅडगार्डचा फॅमिली.

मग मी काय सुचवतो?

तुमचं नेट ठीक चालतंय, चुकीच्या नावावर जाहिरातीचं पान येत नाही, आणि पुरवठादारावर विश्वास आहे, तर घाई नको. व्हिडिओ बघून सेटिंग बदलणं हे काही शहाणपण नाही.

स्वतःचा अँड्रॉइड फोन असेल तर प्रायव्हेट डीएनएसमध्ये नाव टाकणं हा सगळ्यात कमी कष्टाचा आणि जास्त फायद्याचा बदल आहे. घरात आई-वडील व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत्येक लिंक उघडत असतील तर त्यांच्या फोनमध्ये क्वाड नाइन. लहान भावंडांच्या टॅबवर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३. दुकानात किंवा मागाच्या ऑफिसात, जिथे ई-वे बिल आणि जीएसटीचं काम नेटवर अडतं, तिथे राऊटरमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन नंबर, आणि ते नंबर, राऊटरचा पासवर्ड, पुरवठादाराचा फोन हे तिन्ही कागदावर लिहून भिंतीला. नेट गेलं तर कागदच कामाला येतो.

आणि एक ओळखायला शिका. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन नरकचतुर्दशीच्या दुपारी, अॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या डीएनएसच्या बिघाडानं जगभरातली अनेक अॅप बंद पडली. तो बिघाड त्यांच्या घरातला होता. तुम्ही दहा डीएनएस बदलले असते तरी उपयोग नव्हता. एकच अॅप चालत नसेल तर दोष बहुधा त्या अॅपचा. वाय-फायवर कुठलंच नाव उघडत नाही पण आधीच लागलेला व्हॉट्सअॅप कॉल चालू आहे, तर संशय डीएनएसवर. काहीच चालत नाही आणि राऊटरवर लाल दिवा आहे, तर शिडीवाल्या पोराला फोन लावा.